शब्द येत होते, वाक्य येत नव्हते

मे महिन्याच्या सुट्टीत माझ्या बहिणीची मुलगी लातूरहून नांदेडला आमच्याकडे राहायला आली. अहमदपूर, लोहा करत एसटी दुपारी पोहोचली तेव्हा ऊन नुसते भाजत होते. घरात आल्यावर तिने सगळ्यांना सलाम केला, पाणी प्यायली आणि पिशवीतून दोन वस्तू काढल्या. एक तिच्या अम्मीने दिलेला लोणच्याचा डबा आणि दुसरी एक जाड वही.

वहीत तीन रकाने आखलेले होते. पहिल्यात इंग्रजी शब्द, दुसऱ्यात उर्दू अर्थ, तिसऱ्यात मराठी अर्थ. अक्षर मोत्यासारखे. "खाला, सातशेच्या वर शब्द आहेत, सगळे पाठ," ती म्हणाली. मी कुठलेही पान उघडून विचारले, तर खरोखरच पाठ. मग मी म्हटले, "बरं, एवढंच सांग, अम्मीने लोणचं पाठवलं, हे इंग्रजीत कसं म्हणशील?"

ती थांबली. ओठ हलले. मग हळूच म्हणाली, "मदर पिकल सेंट."

मी काही बोलायच्या आधीच तिला कळले की चुकले. वही बंद करून ती म्हणाली, "खाला, मेरे कू वर्डां पूरे याद हैं, पन जुम्ला नै बनता."

रात्री बहिणीचा फोन आला तेव्हा बाकीचे समजले. मुलीची उर्दू शाळा सातवीपर्यंतच आहे. आठवीला ज्या शाळेत जायचे तिथे सेमी इंग्रजी, म्हणजे गणित आणि विज्ञान इंग्रजीतून. मुलीने सांगून टाकले होते की मी त्या शाळेत जाणार नाही. तिचे अब्बा ऑटो चालवतात. मुलांसाठी जीव टाकणारा माणूस, पण लातूरच्या ट्यूशनची फी ऐकून तेही म्हणाले होते, "तिलाच नको आहे तर जबरदस्ती कशाला? घरी राहील, शिलाई शिकेल." बहीण फोनवर म्हणाली, "आपा, तू बघ ना जरा. महिनाभर आहे तुझ्याकडे."

मी काही शिक्षिका नाही. झेडपीच्या मराठी शाळेत शिकले, तीही अशा काळात की एबीसीडी पाचवीत पहिल्यांदा दिसायची. पहिलीपासून इंग्रजी हा नियम महाराष्ट्रात 2000 साली आला. दहावीला इंग्रजीत मी काठावर पास झाले. पण "वर्डां याद हैं, जुम्ला नै बनता" हे तिचे वाक्य मला झोपू देईना, कारण तीच माझी गोष्ट होती. त्या गोष्टीपायी माझ्या हातून एक चूक झालेली आहे. ती पुढे सांगते.

दुसऱ्या दिवशी फजरनंतर, ऊन चढायच्या आत, आम्ही दोघी अंगणात बसलो. तिने व्याकरणाची व्याख्या म्हणायला सुरुवात केली. ती मी थांबवली. व्याख्या तिला पाठ होती, जशी मलाही होती. मी म्हटले, "तू काल एसटीत कुठल्या सीटवर बसलीस?" ती म्हणाली, "रिझर्वेशन होतं, सोळा नंबर."

"मग ऐक. आपल्या भाषेत शब्दाच्या अंगावरच त्याची ओळख शिवलेली असते. मांजराने उंदराला पकडले. उंदराला मांजराने पकडले. पकडले उंदराला मांजराने. कसंही फिरव, पकडणारं कोण?"

"मांजर."

"कारण 'ने' आणि 'ला' चिकटलेले आहेत. घरी आपण बोलतो, बिल्ली चूहे कू पकडी. तिथे 'कू' सांगतो की पकडला गेला तो चूहा. इंग्रजीत अशी शिलाई नाही. तिथे सीटवरून ओळख. द कॅट कॉट द रॅट. आता दोघांच्या सीटा बदल. द रॅट कॉट द कॅट. काय झालं?"

ती हसायला लागली. उंदराने मांजर पकडले होते.

सात वर्षे तिला सब्जेक्ट, व्हर्ब, ऑब्जेक्ट हे शब्द ऐकू येत होते. उर्दूच्या तासाला फाइल, फेल, मफऊल ऐकू येत होते. मराठीच्या तासाला कर्ता, क्रियापद, कर्म. तिन्ही वह्या वेगळ्या, तिन्ही तास वेगळे, आणि ही तीन नावे एकाच गोष्टीची आहेत हे तिला कुणी सांगितलेच नव्हते. तिला वाटे, नऊ गोष्टी लक्षात ठेवायच्या आहेत. प्रत्यक्षात त्या तीनच होत्या. करणारा, करणे, आणि ज्याच्यावर केले ते. फरक एवढाच की मराठीत आणि उर्दूत करणे शेवटी येते, इंग्रजीत ते मधल्या सीटवर बसते. अम्मी चहा करते. मदर मेक्स टी. तिने स्वतःच लोणच्याचे वाक्य दुरुस्त केले, "मदर सेंट पिकल." त्या सकाळी तिने अशी 30 वाक्ये केली. सगळी घरातली. आजी पान खाते, मांजर दूध पिते, खाला कपडे शिवते.

तिसऱ्या दिवशी अडचण आली. पुस्तकातले वाक्य लांब होते आणि सुरुवातीचे पाच-सहा शब्द निव्वळ कर्त्याचेच होते. मग आम्ही एक पद्धत ठरवली. वाक्य पहिल्या शब्दापासून लावायचे नाही. आधी क्रियापद शोधायचे, त्याच्या खाली पेन्सिलीने रेघ मारायची. मग त्याला विचारायचे, कोण? जे उत्तर मिळेल, मग ते एका शब्दाचे असो की सहा शब्दांचे, तो कर्ता. माय ओल्ड आंट फ्रॉम नांदेड मेक्स टी. चहा कोण करते? नांदेडची म्हातारी मावशी. ("म्हातारी" हा शब्द तिने मुद्दाम घातला होता.) कर्ता आणि त्याचे सोबती हे उद्देश्य, बाकी सगळे विधेय. जी व्याख्या ती घोकत होती ती आता तिला वाक्यात दिसू लागली.

मग आला तो 'इट'. उन्हाने जीव कासावीस झाला होता. मी म्हटले, "उकडतंय, हे सांग इंग्रजीत." तिने शब्द शोधले आणि म्हणाली, "हॉट." मी म्हटले, "इट इज हॉट." तिने विचारले, "ये 'इट' कौन है खाला?"

फार चांगला प्रश्न होता. आपल्याकडे 'उकडतंय', 'उजाडलं', 'मळमळतंय' ही एका शब्दाची पुरी वाक्ये आहेत. उकडणारा कुणी नाही. 'आलो' म्हटले तरी 'मी' त्यात आलाच. इंग्रजीला ते चालत नाही. साध्या विधानात कर्त्याची सीट रिकामी ठेवता येत नाही. खरा कर्ता नसेल तर 'इट' नावाचा माणूस नुसता जागा धरायला बसवतात. 'इज'चेही तसेच. आपण "तो हुशार" म्हणून थांबू शकतो, इंग्रजीत 'ही क्लेव्हर' म्हणून थांबता येत नाही. मुलांच्या उत्तरपत्रिकांत 'इज' आणि 'इट' गाळले जातात ते आळसाने नव्हे. आपल्या भाषेत ती जागाच नसते, म्हणून ती रिकामी राहिल्याचे मुलांना दिसत नाही.

प्रश्नार्थी वाक्यावर तीन दिवस गेले. मराठीत विधानाच्या शेवटी 'का' जोडला, किंवा नुसता आवाज वर नेला, की प्रश्न झाला. इंग्रजीत मदतीचे क्रियापद उठून कर्त्याच्या पुढे जाऊन उभे राहते. यू आर रेडी, आर यू रेडी? हे तिला लगेच जमले. पण जिथे मदतनीसच नाही तिथे? शी लाइक्स मँगोज. इथे उठवायचे कुणाला? मग 'डू' किंवा 'डज'ला बाहेरून बोलवावे लागते. ती पुन्हा पुन्हा म्हणे, "डज शी लाइक्स मँगोज?" मी म्हटले, "बघ, 'डज' कामाला आला की 'लाइक्स'च्या अंगावरचा 'एस' त्याने घेतला. दोघांकडे एकच 'एस'. कधी तो घालेल, कधी हा." तरी ती चुकत होती. अगदी जाण्याच्या दिवसापर्यंत मधूनच चुकली. मी रागावले नाही, कारण ही चूक मी स्वतः दहावीच्या पेपरात केलेली आहे.

नकारार्थी वाक्यालाही तोच मदतनीस लागतो. आय डू नॉट ड्रिंक टी. मराठीत 'नाही' शेवटी येते, ऐकणाऱ्याला शेवटपर्यंत थांबावे लागते. इंग्रजीत नकार आधीच कळतो.

आज्ञार्थी वाक्य मात्र सगळ्यात सोपे वाटले. कर्ता दिसत नाही, क्रियापद पहिल्या सीटवर. कम. सिट. ब्रिंग वॉटर. पण इथेही तिने मला अडवले. "नानीला पण 'कम' म्हणायचं? आणि मांजरालाही 'कम'?" आपल्याकडे ये, या, यावे असे तीन दरवाजे आहेत. उर्दूत आ, आओ, आइए. इंग्रजीत एकच 'कम', फार तर पुढे 'प्लीज'. तिला हे बेअदबीचे वाटले. मी म्हटले, अदब त्यांच्याकडेही आहे, पण ती 'प्लीज'मध्ये, आवाजात आणि 'वुड यू' अशा विचारण्यात ठेवलेली असते.

मग मी तिला विचारले, "प्रेषित मुहम्मद (स.) यांच्यावर हिरा गुहेत पहिला शब्द कोणता उतरला?"

"इक्रा."

"ते कुठल्या प्रकारचं वाक्य?"

ती क्षणभर गप्प राहिली आणि म्हणाली, "आज्ञार्थी. कर्ता लपलेला." मग थोड्या वेळाने, "म्हणजे ते मलाही सांगितलंय." मी काही बोलले नाही. उद्गारार्थी वाक्य त्याच दिवशी आंबा खाताना उरकले. आपला "कित्ता मीठा आम है!" आणि त्यांचा "व्हॉट अ स्वीट मँगो!"

आता माझी चूक सांगते.

काही वर्षांपूर्वी माझ्या सासूबाईंना, म्हणजे आमच्या अम्मीजानना, थायरॉइडचा त्रास सुरू झाला. डॉक्टरांनी गोळी दिली आणि हाडांसाठी कॅल्शियमही दिले. चिठ्ठीच्या खाली एक ओळ इंग्रजीत लिहिली. औषधे देणाऱ्याने विचारले, "समजावून सांगू का?" रांगेत चार माणसे होती. मला लाज वाटली. मी म्हटले, "येतं मला वाचायला."

ओळ अशी होती: टेक कॅल्शियम फोर अवर्स आफ्टर थायरॉइड टॅब्लेट.

यातला प्रत्येक शब्द मला येत होता. घ्या, कॅल्शियम, चार तास, नंतर, थायरॉइडची गोळी. मी ओळीने अर्थ लावत गेले: कॅल्शियम घ्या, चार तासांनंतर थायरॉइडची गोळी. म्हणून सकाळी उपाशीपोटी कॅल्शियम आणि चार तासांनी, नाश्ता झाल्यावर, थायरॉइडची गोळी. चार महिने मी अम्मीजानना असेच दिले. रोज वेळेवर, स्वतःच्या हाताने.

खरा अर्थ नेमका उलटा होता. थायरॉइडची गोळी सकाळी रिकाम्या पोटी घ्यायची असते आणि कॅल्शियम तिच्यानंतर चार तासांनी, कारण कॅल्शियम आणि अन्न ती गोळी अंगात नीट शोषू देत नाहीत. आपल्या भाषेत 'नंतर', 'आधी', 'वर', 'खाली' हे शब्द नामाच्या मागून चिकटतात. गोळीनंतर, जेवणाआधी, टेबलावर. इंग्रजीत ते नामाच्या पुढे उभे राहतात. आफ्टर टॅब्लेट, बिफोर फूड, ऑन द टेबल. मी 'आफ्टर'ला मराठीच्या सवयीने त्याच्या मागच्या शब्दांशी जोडले. तो पुढच्या शब्दाचा होता.

चार महिन्यांत अम्मीजानचा थकवा गेला नाही. पायांवरची सूज तशीच. टीएसएचचा आकडा उतरत नव्हता. डॉक्टर डोस वाढवायला निघाले होते, तेव्हा त्यांनी सहज विचारले, "गोळी किती वाजता घेता?" मी सांगितले. त्यांनी पेन खाली ठेवला आणि पुन्हा विचारले. तेव्हा मला कळले.

वेळा बदलल्या आणि पुढच्या तपासणीत आकडा खाली आला, अल्हम्दुलिल्लाह. घरी येऊन मी अम्मीजानची माफी मागितली. त्या म्हणाल्या, "तू तो दवा समजकेच दी ना बेटा." त्यांनी माफ केले. मला मात्र औषधाच्या दुकानापुढे उच्चारलेले ते "येतं मला" अजून ऐकू येते.

ही गोष्ट मी भाचीला सांगितली तेव्हा ती बराच वेळ बोलली नाही. मग आपल्या वहीत तिने ती ओळ लिहिली, 'टेक'खाली रेघ मारली, 'आफ्टर थायरॉइड टॅब्लेट' या तीन शब्दांभोवती गोल केला आणि म्हणाली, "हे तिघं एका सीटवर आहेत."

त्या रात्री मला माझे नाना आठवले. ते निजामाच्या अमलात उर्दूतून शिकले. त्या काळी हैदराबादेत 1918 साली स्थापन झालेले उस्मानिया विद्यापीठ उर्दूतून उच्च शिक्षण देत होते. उर्दू जाणणारा माणूस कचेरीत मान ताठ ठेवून जात असे. 17 सप्टेंबर 1948 ला हैदराबाद संस्थान भारतात आले, 1956 मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात गेला, 1960 मध्ये महाराष्ट्र झाला. कागदांची भाषा बदलत गेली. नाना तेच, त्यांचे इल्म तेच, पण सातबारा वाचून घ्यायला त्यांना दुसऱ्याच्या दारी जावे लागे. वाचून दाखवणारा जे सांगेल ते खरे मानावे लागे. त्यांचे मराठी पुढे सुधारले. आम्हाला मराठी शाळेत घातले ते त्यांनीच. ते म्हणत, ज्या भाषेत तुमचा कागद लिहिला जातो ती भाषा तुमच्या घरात कुणाला तरी आली पाहिजे.

हे नानांनी स्वतःच्या डोक्याने काढलेले नव्हते. प्रेषित (स.) यांच्याकडे ज्यूंची पत्रे येत. ती वाचायला आणि उत्तरे लिहायला परक्यावर विसंबणे त्यांना योग्य वाटले नाही, म्हणून त्यांनी हजरत झैद बिन साबित (रजि.) या तरुण सहाबींना ती लिपी शिकायला सांगितले. हदीसमध्ये येते की झैद (रजि.) यांनी अर्ध्या महिन्यात ती आत्मसात केली. परकी भाषा शिकल्याने दीन जातो असे म्हणणाऱ्यांनी ही हकीकत लक्षात घ्यावी. आणि आपल्या मुलीला "जमत नसेल तर राहू दे" म्हणणाऱ्यांनीही.

महिना संपला. भाची लातूरला गेली. तिच्या अब्बांशी मी फोनवर बोलले. मी ट्यूशन लावा असे म्हटले नाही. एवढेच म्हटले की पहिली सहामाही तिला बसू द्या, मग ठरवा. ते म्हणाले, "हौ, देखते." जूनमध्ये ती नव्या शाळेत गेली. पहिल्या घटक चाचणीत इंग्रजीत 20 पैकी 11 मिळाले, विज्ञानात 9. हे काही पेढे वाटण्याजोगे गुण नाहीत. पण ती रोज शाळेत जाते आहे. परवा तिचा फोन आला. सलाम झाल्याबरोबर विचारले, "खाला, 'डिड' आला की पण क्रियापदाचा भूतकाळ तोच घेतो का? 'डिड शी वेंट' नाही, 'डिड शी गो'?" मी म्हटले, हो. आणि हे तिला मी शिकवलेले नव्हते.

ज्या घरांत सहावी-सातवीचे मूल आहे, त्या आया-बहिणींना एवढेच सांगते. शब्द पाठ करू द्या, पण प्रत्येक नव्या शब्दाबरोबर घरातले एक वाक्य करायला लावा. वाक्य वाचताना आधी क्रियापद, मग 'कोण?', मग 'काय?' विचारायला शिकवा. रोज एक विधान घ्या, त्याचा प्रश्न करा, त्याचा नकार करा. दहा मिनिटे पुरतात. उर्दूचे, मराठीचे आणि इंग्रजीचे व्याकरण एकमेकांशेजारी ठेवा. दोन-तीन भाषांत वाढणे हे आपल्या मुलांचे ओझे नाही, ती त्यांची पुंजी आहे. तुम्हाला स्वतःला इंग्रजी येत नसेल तर मुलाला समजावून सांगायला लावा. सांगता सांगता ते शिकते.

आणि औषधाच्या दुकानात कुणी "समजावून सांगू का?" विचारले, तर "हो, सांगा" म्हणा. रांगेत कितीही माणसे असोत.

अल्लाह आपल्या लेकरांच्या इल्ममध्ये बरकत देवो. आमीन.